सदिश की अदिश? बाण नव्हे, बेरीज बघा

३ किलो साखरेत ४ किलो साखर ओतली की ७ किलोच होते. डबा कुठल्याही बाजूने धरा, फरक पडत नाही. पण ३ न्यूटन बलात ४ न्यूटन बल मिळवले, तर उत्तर ७ येऊ शकते, ५ येऊ शकते आणि १ सुद्धा. दोन्ही बले एकाच दिशेने असतील तर ७, काटकोनात असतील तर ५, एकमेकांविरुद्ध असतील तर १. मधल्या कोनांना मधली उत्तरे. कोन सांगितलाच नसेल, तर गणित सुटतच नाही.

पुस्तकातली व्याख्या सगळ्यांना पाठ असते: केवळ परिमाणाने पूर्णपणे व्यक्त होते ती अदिश राशी, परिमाण आणि दिशा दोन्ही लागतात ती सदिश राशी. व्याख्या बरोबर आहे, पण अर्धी आहे. ‘दिशा आहे ना, मग सदिश’ एवढ्यावर थांबणारा विद्यार्थी विद्युतधारेपाशी हमखास अडतो. तारेतून धारा एका दिशेने वाहते, आकृतीत तिला बाणही असतो. तरीही ती अदिश आहे. कारण सोपे आहे. एका सांध्याशी दोन तारांमधून ३ अँपिअर आणि ४ अँपिअर धारा आल्या, तर तिसऱ्या तारेतून ७ अँपिअरच बाहेर पडतात. तारा ३० अंशांत जोडा, काटकोनात जोडा, वेटोळी करून जोडा, उत्तर ७ च. कोनाला इथे कोणी विचारत नाही. म्हणून कसोटीचा खरा प्रश्न असा: या राशीची बेरीज करताना कोन आडवा येतो का? येत असेल तर सदिश, नसेल तर अदिश.

आता ही कसोटी आणखी दोन-तीन ठिकाणी लावून बघा. तापमान उणे ५ अंश असते. ते उणे चिन्ह म्हणजे दिशा नव्हे, शून्याच्या खालचा आकडा एवढाच त्याचा अर्थ. दाबाचेही तसेच. टायरमधली हवा सगळ्या बाजूंनी सारखी रेटते, दाबाला स्वतःची अशी दिशा नाही. दिशा असते ती त्या दाबामुळे एखाद्या पृष्ठभागावर पडणाऱ्या बलाला. दाब अदिश, बल सदिश.

सगळ्यात गमतीचे उदाहरण फिरवण्याचे. टेबलावर एक पुस्तक ठेवा, मुखपृष्ठ वर, कणा डावीकडे. आधी ते टेबलावर सपाटच ठेवून घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवा, मग तुमच्यापासून लांबच्या कडेवर उभे राहील असे पुढे ९० अंश कलवा. ते कसे उभे राहिले ते लक्षात ठेवा. आता पुस्तक मूळ जागी आणून हाच प्रकार उलट क्रमाने करा: आधी कलवा, मग फिरवा. पुस्तक वेगळ्याच स्थितीत येते. सदिशांच्या बेरजेत क्रम बदलल्याने उत्तर बदलत नाही, इथे बदलते. म्हणजे ‘९० अंश, अमुक अक्षाभोवती’ असे परिमाण आणि दिशा दोन्ही सांगूनही असे मोठे फिरवणे सदिश नाही. (अतिशय लहान कोनांत हा फरक नाहीसा होतो, म्हणून कोनीय वेग मात्र सदिश मानता येतो.)

एवढे समजले की यादी पाठ करायची गरज उरत नाही. तरी हाताशी असावी म्हणून: अंतर, चाल, वस्तुमान, काळ, घनता, दाब, तापमान, कार्य, ऊर्जा, शक्ती, विद्युतप्रभार, विद्युतधारा, विभवांतर या अदिश, विस्थापन, वेग, त्वरण, बल, संवेग, विद्युत क्षेत्र, चुंबकीय क्षेत्र, आघूर्ण (बलाचा फिरवणारा परिणाम) या सदिश. वजनाबद्दल सांभाळा. बाजारात आपण ‘वजन ५ किलो’ म्हणतो ते वस्तुमान, म्हणजे अदिश. भौतिकशास्त्रातले वजन हे बल आहे, ते न्यूटनमध्ये सांगायचे आणि त्याची दिशा नेहमी पृथ्वीच्या केंद्राकडे. ५ किलो वस्तुमानाचे वजन ५ × ९.८, म्हणजे ४९ न्यूटन.

आधी बाण काढायला शिका

सूत्रांवर उडी मारण्याआधी पट्टी आणि कोनमापक घेऊन पाच-सहा बेरजा कागदावर करा. सदिश म्हणजे बाण. लांबी म्हणजे परिमाण, टोक म्हणजे दिशा. छापील पुस्तकात सदिश ठळक अक्षरात असतो, हाताने लिहिताना अक्षराच्या डोक्यावर बाण काढतात. हा बाण गाळला की अर्थच बदलतो. ‘अ’ वर बाण म्हणजे सदिश, बाण नसलेला ‘अ’ म्हणजे नुसते त्याचे परिमाण. पहिला बाण ३ चा आणि दुसरा ४ चा असेल, तर ‘अ + ब’ ७ होते. बाणांसह लिहिलेली बेरीज ७ असेलच असे नाही.

प्रमाण असे निवडा की सर्वात लांब बाण ८ ते १२ सेंटिमीटरचा होईल. लहान आकृतीत चूक मोठी होते. पट्टी ठेवताना टोक १ मिलिमीटर सरकले, तर १० सेंटिमीटरच्या बाणात दिशेची चूक साधारण अर्ध्या अंशाची होते, ३ सेंटिमीटरच्या बाणात जवळजवळ २ अंशांची. पेन्सिल टोकदार हवी. सांगायला साधी गोष्ट, पण प्रयोगवहीतले निम्मे ‘प्रायोगिक दोष’ बोथट पेन्सिलीचेच असतात.

बेरजेची रीत: पहिला बाण काढा. त्याच्या टोकापासून दुसऱ्याची सुरुवात करा. पहिल्याच्या सुरुवातीपासून शेवटच्या टोकापर्यंत जाणारा बाण म्हणजे परिणामी सदिश. हा त्रिकोणाचा नियम. बाण जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवता येतो, फक्त लांबी आणि दिशा बदलू द्यायची नाही. दोन्ही बाण एकाच बिंदूतून निघत असतील तर समांतरभुज चौकोन पूर्ण करा. त्याच बिंदूतून निघणारा कर्ण म्हणजे बेरीज. दुसरा कर्ण म्हणजे वजाबाकी, आणि घाईत तोच काढला जातो.

हा नियम खरा कशावरून? वजने लटकवून बघा

बऱ्याच कॉलेजांच्या प्रयोगशाळेत ग्रेव्हझांडचे उपकरण असते. विलेम स् ग्रेव्हसांडे (१६८८–१७४२) या डच शास्त्रज्ञाच्या नावाचे. उभा लाकडी फळा, वरच्या दोन कोपऱ्यांत कप्प्या, एक दोरा, तीन ठिकाणी वजने. एवढेच.

१. ओळंबा लावून फळा उभा आहे ना ते बघा. फळा कललेला असेल तर वजने त्याला घासतात आणि घर्षणाचे बल हिशेबात घुसते.

२. कप्प्यांवरून दोरा टाकून एका बाजूला १५० ग्रॅम, दुसऱ्या बाजूला २०० ग्रॅम टांगा. दोऱ्याच्या मध्यावर दुसरा दोरा गाठ मारून बांधा आणि त्याला २५० ग्रॅम टांगा. पारडी किंवा हुक वापरत असाल तर त्यांचे वस्तुमान या आकड्यांत धरलेले हवे. हे विसरले की सगळी वाचने एकाच बाजूला झुकतात आणि कारण सापडत नाही.

३. गाठ हाताने थोडी खाली ओढून सोडा. दोन-तीनदा करा. दर वेळी ती त्याच जागी थांबली पाहिजे. थांबत नसेल तर कप्पी अडते आहे, तेलाचा एक थेंब द्या. तरीही थोडा फरक राहिला तर गाठ थांबली त्या सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या जागेचा मध्य घ्या.

४. मागे टाचलेल्या कागदावर दोऱ्यांची जागा उतरवायची आहे. दोरा कागदापासून थोडा पुढे असतो, त्यामुळे तिरके बघितले की खूण चुकते. दोऱ्यामागे आरशाची पट्टी धरा. दोरा आणि त्याचे प्रतिबिंब एकावर एक दिसले म्हणजे नजर सरळ आहे. पट्टीच्या दोन्ही कडांशी खुणा करा. प्रत्येक दोऱ्यासाठी दोन खुणांमधले अंतर निदान १० सेंटिमीटर ठेवा.

५. कागद काढून रेषा जोडा. तिन्ही एका बिंदूत मिळाल्या पाहिजेत. १ सेंटिमीटर म्हणजे २५ ग्रॅम असे प्रमाण घ्या. वरच्या दोन रेषांवर ६ आणि ८ सेंटिमीटर मोजून समांतरभुज चौकोन पूर्ण करा.

कर्ण १० सेंटिमीटर भरतो, म्हणजे २५० ग्रॅम, आणि तो खालच्या दोऱ्याच्या बरोबर उलट, सरळ वर जातो. वरच्या दोन दोऱ्यांमधला कोन मोजा, ९० अंश निघेल. आता मधले वजन ३०० ग्रॅम करा. गाठ खाली उतरते, कोन जवळपास ६३ अंशांवर येतो. २०० ग्रॅम केले तर गाठ वर चढते आणि कोन ११२ अंश होतो. बाजूची वजने तीच, बदलली फक्त दिशा.

आणि मधे ३६० ग्रॅम टांगले तर? गाठ खाली घसरतच जाते, तोल सापडतच नाही. १५० आणि २०० यांची बेरीज ३५० च्या वर जाऊच शकत नाही, दोन्ही एकाच दिशेने ओढली तरीही. ५० च्या खालीही येऊ शकत नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की परीक्षेत ‘१२ न्यूटन आणि ७ न्यूटन यांचे परिणामी बल पुढीलपैकी कोणते असू शकणार नाही’ हा प्रश्न पाच सेकंदांत सुटतो: ५ ते १९ च्या बाहेरचे.

फळा नसेल तर घरातली कपडे वाळत घालायची दोरी आहेच. चार मीटर अंतरावरच्या दोन खिळ्यांना दोरी बांधली आणि बरोबर मधे २ किलोचा ओला टॉवेल टाकला. वजन १९.६ न्यूटन. दोरीचे दोन्ही भाग आपापल्या दिशेने तिरके वर ओढतात. त्यांचा फक्त वर जाणारा भाग वजन तोलतो, आडवे भाग एकमेकांना खोडून टाकतात. दोरी आडव्या रेषेशी जो कोन करते त्याच्या साइनने वजनाचा अर्धा भागा, की दोरीतला ताण मिळतो. दोरी ३० अंशांनी लोंबत असेल, म्हणजे मधे सुमारे ११५ सेंटिमीटर खाली आली असेल, तर ताण १९.६ न्यूटन. ५ अंशांनी, म्हणजे फक्त साडेसतरा सेंटिमीटर खाली, तर ११२ न्यूटन. आणि कोणी ‘दोरी कशी तंग हवी’ म्हणून ती इतकी ओढली की मधे जेमतेम ७ सेंटिमीटर लोंबते, तर कोन २ अंशांचा आणि ताण २८० न्यूटनच्या आसपास. टॉवेल २ किलोचा आणि खिळ्यावर ओढ जवळपास २९ किलोची. खिळा भिंतीतून का निघाला याचे उत्तर यात आहे. दोरी पूर्ण आडवी ठेवून मधे वजन टांगणे अशक्यच आहे, कारण आडव्या बलाला वर जाणारा भागच नसतो.

घटक: तिरके ते सरळ करून घ्या

रेखाटन समजण्यासाठी उत्तम, पण तीन-चार सदिश आले की आकड्यांवरच यावे लागते. त्यासाठी प्रत्येक सदिशाचे दोन काटकोनी भाग करतात, क्ष-अक्षावरचा आणि य-अक्षावरचा. हे झाले घटक. कोन क्ष-अक्षापासून मोजला असेल तर क्ष-घटक = परिमाण × कोसाइन, य-घटक = परिमाण × साइन.

‘क्ष म्हणजे कोसाइन, य म्हणजे साइन’ असे घोकू नका. कोन उभ्या रेषेपासून दिला असेल तर नेमके उलटे होते, आणि प्रश्न काढणारे मुद्दाम तसाच देतात. नियम असा धरा: कोनाला चिकटलेल्या बाजूला कोसाइन, समोरच्या बाजूला साइन. शंका आली तर कोन शून्य करून बघा. उतारावरच्या पेटीचे वजन उताराच्या दिशेने किती? उतार शून्य केला, जमीन सपाट झाली, तर पेटी घसरणार नाही. म्हणजे हा भाग शून्य व्हायला हवा, म्हणजे इथे साइनच. १० किलोची पेटी ३० अंशांच्या उतारावर ९८ × ०.५ = ४९ न्यूटनने खाली ओढली जाते, आणि ९८ × ०.८६६ = ८४.९ न्यूटनने उताराच्या पृष्ठभागावर रेलते.

घटकांचा रोजचा, खराखुरा वापर बघायचा तर विमानतळावर बघा. मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीचे नाव ०९/२७ आहे. होकायंत्रावरची दिशा दहाच्या पटीत घेऊन शेवटचे शून्य काढले की धावपट्टीचा क्रमांक मिळतो. २७ म्हणजे साधारण २७० अंश, पश्चिमेकडे तोंड. दुसरी धावपट्टी १४/३२. समजा वारा ‘२४० अंश, २० नॉट’ आहे. (१ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किमी, म्हणजे वारा ताशी ३७ किमीचा.) धावपट्टी २७ आणि वारा यांत ३० अंशांचा कोन. समोरून येणारा घटक २० × ०.८६६ = १७.३ नॉट, आडवा घटक २० × ०.५ = १० नॉट, डावीकडून. तोच वारा धावपट्टी ३२ वर ८० अंशांचा कोन करतो: समोरून जेमतेम ३.५ नॉट, आडवा १९.७ नॉट. उतरताना समोरचा वारा हवा असतो आणि आडवा नको असतो. वारा बदलला नाही, तुकडे करण्याची दिशा बदलली. घटक हे सदिशाचे नव्हे, तुम्ही निवडलेल्या अक्षांचे असतात, आणि म्हणूनच अक्ष कुठे ठेवायचे हा निर्णय गणित सुरू करण्याआधी घ्यायचा.

याच उदाहरणात एक जुना सापळा आहे. वाऱ्याला तो जिथून येतो त्या दिशेचे नाव देतात. नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात आणि ईशान्येकडे जातात. सदिशाचा बाण मात्र जाण्याच्या दिशेने काढायचा. ‘नैर्ऋत्य वारा’ वाचून बाणाचे टोक नैर्ऋत्येला काढले तर पुढचे सगळे उत्तर १८० अंशांनी उलटते. समुद्रप्रवाहांचे नाव मात्र ते जिकडे जातात त्यावरून ठेवतात, त्यामुळे दोन्ही एकाच गणितात आले तर प्रश्न दोनदा वाचा.

आता घटकांनी एक पूर्ण बेरीज. कोणी आधी पूर्वेला ४ किमी गेले, मग ईशान्येला ३ किमी, मग उत्तरेपासून पश्चिमेकडे ३० अंश कललेल्या दिशेने ५ किमी. पूर्व म्हणजे क्ष, उत्तर म्हणजे य.

पहिला टप्पा: क्ष ४, य ०.
दुसरा टप्पा: क्ष ३ × ०.७०७ = २.१२, य २.१२.
तिसरा टप्पा: कोन उत्तरेपासून आहे, म्हणून क्ष-घटकाला साइन, आणि तो पश्चिमेकडे म्हणून उणे: −२.५०. य ५ × ०.८६६ = ४.३३.

क्ष-घटकांची बेरीज ३.६२, य-घटकांची ६.४५. परिमाण = √(३.६२² + ६.४५²) = ७.४ किमी. दिशा: टॅन इन्व्हर्स (६.४५ ÷ ३.६२) = ६०.७ अंश, पूर्वेपासून उत्तरेकडे. चाललेले अंतर १२ किमी, विस्थापन ७.४ किमी. विस्थापन अंतराच्या बरोबरीचे किंवा कमीच असते. ४०० मीटरच्या मैदानी ट्रॅकवर एक पूर्ण फेरी मारली तर अंतर ४०० मीटर, विस्थापन शून्य.

कॅल्क्युलेटर दोन ठिकाणी फसवतो. एक, तो रेडियनवर असला तर साइन ३० चे उत्तर ०.५ ऐवजी −०.९८८ दाखवतो. गणिताला बसण्याआधी साइन ३० दाबून बघणे ही दोन सेकंदांची सवय लावून घ्या. दुसरी फसवणूक जास्त चोरटी. क्ष-बेरीज −३.६२ आणि य-बेरीज ६.४५ असती, तर कॅल्क्युलेटर −६०.७ अंश देतो, म्हणजे पूर्वेपासून दक्षिणेकडे. खरी दिशा उत्तर आणि पश्चिम यांच्या मधली. क्ष-घटक उणे असेल तर आलेल्या कोनात १८० मिळवा: ११९.३ अंश. नाहीतर सोपे, दोन्ही घटकांची चिन्हे बघून कागदावर कच्चा बाण काढा आणि उत्तर त्याच्याशी ताडून बघा.

वजाबाकी, म्हणजे उलटा बाण मिळवणे

वेगातला बदल काढताना वजाबाकी लागते. ‘चाल बदलली नाही म्हणजे वेग बदलला नाही’ ही चूक बारावीपर्यंत पाठ सोडत नाही. भिंतीवरचे घड्याळ घ्या, अखंड सरकणारा सेकंद काटा, लांबी १५ सेंटिमीटर. टोकाची चाल = २ × ३.१४ × १५ ÷ ६० = १.५७ सेंमी प्रति सेकंद, दिवसभर तेवढीच. काटा १२ वर असताना टोकाचा वेग सरळ उजवीकडे, ३ वर असताना सरळ खाली. बदल = नंतरचा वेग − आधीचा वेग. आधीचा बाण उलटा केला, तो झाला डावीकडचा. खालच्या बाणात डावीकडचा मिळवला: परिमाण १.५७ × १.४१४ = २.२२ सेंमी प्रति सेकंद, दिशा खाली आणि डावीकडे, म्हणजे साडेसात वाजता तासकाटा जिकडे बघतो तिकडे. १५ सेकंदांनी भागा: सरासरी त्वरण ०.१४८ सेंमी प्रति सेकंद वर्ग. काट्याच्या वाटेचा मध्य दीडच्या जागी येतो, आणि दीडवरून घड्याळाच्या केंद्राकडे जाणारी दिशा साडेसातचीच. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूचे त्वरण केंद्राकडे असते, हे विधान असे घड्याळातून वाचता येते.

खाडी ओलांडणारी होडी

हे गणित शाळेपासून प्रवेश परीक्षांपर्यंत येते आणि त्यात एकच चूक पुन्हा पुन्हा होते. खाडी ६०० मीटर रुंद. होडीचा पाण्याच्या सापेक्ष वेग ३ मी/से. ओहोटीचा प्रवाह १.५ मी/से, समुद्राकडे.

नाखव्याने नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, सरळ समोरच्या काठाकडे धरली तर? ओलांडायला लागणारा वेळ फक्त आडव्या घटकावर ठरतो: ६०० ÷ ३ = २०० सेकंद. प्रवाह वेळ वाढवतही नाही, कमीही करत नाही. तो तेवढ्या वेळात होडीला १.५ × २०० = ३०० मीटर खाली नेतो. काठावरून दिसणारा वेग √(९ + २.२५) = ३.३५ मी/से, आणि वाट सरळ रेषेपासून २६.६ अंश कललेली.

आता बरोबर समोरच्या धक्क्याला लागायचे आहे. बहुतेकांचा पहिला विचार: होडी २६.६ अंश खाली जाते ना, मग नाळ २६.६ अंश वर धरू. करून बघू. प्रवाहाविरुद्धचा घटक ३ × साइन २६.६° = १.३४ मी/से. हवे होते १.५. दर सेकंदाला सुमारे १६ सेंटिमीटर कमी पडतात. आडवा घटक आता २.६८ झाला, म्हणून वेळ २२४ सेकंद, आणि तेवढ्या वेळात होडी जवळपास ३५ मीटर खाली लागते. धक्का चुकला. चूक कुठे झाली? पहिल्या त्रिकोणात ३ ही काटकोनाची बाजू होती. दुसऱ्यात ३ हा कर्ण आहे, कारण होडीचा स्वतःचा वेगच आता तिरका आहे. त्रिकोण बदलला, म्हणून टॅनच्या जागी साइन: साइन = १.५ ÷ ३, कोन ३० अंश. पुढे जाणारा वेग ३ × ०.८६६ = २.६ मी/से, वेळ २३१ सेकंद. प्रवाह ३ मी/से किंवा जास्त असता तर समोर लागणारा कोनच मिळाला नसता, होडी कशीही धरली तरी खालीच लागली असती.

एककांकडेही लक्ष असू द्या. अशा प्रश्नांत होडीचा वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि प्रवाह मीटर प्रति सेकंदात देतात. १८ किमी/तास म्हणजे ५ मी/से; ३.६ ने भागल्याशिवाय बाण काढू नका.

गुणाकाराचे दोन प्रकार

सदिशाला नुसत्या संख्येने गुणले की बाण लांब किंवा आखूड होतो, संख्या ऋण असेल तर उलटतो. दोन सदिशांचा गुणाकार मात्र दोन तऱ्हांनी होतो. अदिश गुणाकारात परिमाणांना मधल्या कोनाच्या कोसाइनने गुणायचे, उत्तर नुसती संख्या. चाकांची बॅग ४० न्यूटनने, जमिनीशी ६० अंशांच्या कोनात ओढत १० मीटर नेली, तर कार्य ४० × १० × ०.५ = २०० ज्यूल. पाण्याची बादली हातात धरून सपाट जमिनीवर एकसारख्या वेगाने चाललात तर हाताचे बल वर, विस्थापन आडवे, कोन ९० अंश, त्या बलाने केलेले कार्य शून्य. हात दुखतो ते स्नायू ऊर्जा खर्च करतात म्हणून, बादलीवर कार्य झाले म्हणून नव्हे.

सदिश गुणाकारात साइन येतो आणि उत्तर सदिश असते, दोन्ही मूळ सदिशांना काटकोनात. २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला ८० न्यूटन बल काटकोनात लावले तर आघूर्ण ०.२५ × ८० = २० न्यूटन मीटर. तेच बल पान्याशी ३० अंशांत लावले तर १०, म्हणजे अर्धी मेहनत वाया. गंजलेला नट निघत नसेल तर जोर वाढवण्याआधी हात काटकोनात आहे का ते बघा.

दिशा उजव्या हाताने काढतात: बोटे पहिल्या सदिशाकडून दुसऱ्याकडे लहान कोनातून वळवा, अंगठा उत्तराची दिशा दाखवतो. क्रम उलटला की अंगठा उलटतो, म्हणून इथे ‘अ गुणिले ब’ आणि ‘ब गुणिले अ’ एक नाहीत. परीक्षेत मात्र एक विचित्र गोष्ट घडते. उजव्या हातात पेन असते, ते खाली ठेवायचा कंटाळा येतो, आणि मुले नकळत डाव्या हाताची बोटे वळवतात. आकडा अचूक, चिन्ह उलटे. पेन आधी खाली ठेवा.